फावल्या वेळचे खेळ आणि त्यांची नीति

संध्याकाळच्या लोकल गाडींत बसावयास जागा मिळाली कीं शेजारच्या चार माणसांच्या हातांकडे नजर टाकण्याची आम्हांस संवय आहे. पूर्वीं त्या हातांत वर्तमानपत्र, जपमाळ किंवा पत्त्यांचा जोड असे. आतां बहुधा मोबाइल असतो, आणि चारांपैकीं एकाच्या तरी पडद्यावर रंगीत गोळ्या, सोंगट्या किंवा आंकड्यांचे चौकोन हालत असतात. कचेरींतून दमून आलेला कारकून, मांडीवरची भाजी निवडतां निवडतां थांबलेली गृहिणी, परीक्षेच्या पुस्तकावरच मोबाइल ठेवून बसलेला विद्यार्थी, असे सर्व वयांचे व सर्व स्थितींतले लोक या एका पंथांत सामील झालेले दिसतात. हा पंथ पाहून आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांस फार संताप येतो. आयुष्याचा इतका उघड अपव्यय आजवर कोणत्याही पिढीनें केला नसेल, असें त्यांचें मत आहे, आणि तें ते आम्हांस वारंवार ऐकवितात. ऐकतांना आम्ही मान हालवितों. परंतु मान हालत असतांना आमचा हात खिशांतल्या मोबाइलवर असतो, हें येथें आरंभींच कबूल केलेलें बरें. या खटल्यांत आम्ही न्यायाधीश नसून आरोपी आहों. आणि आरोपीसही आपली कैफियत मांडण्याचा हक्क असतो.

कोणत्या खेळांविषयीं आम्ही बोलत आहों हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. ज्यांच्यासाठीं निराळें यंत्र विकत घ्यावें लागतें व ज्यांत रात्रीच्या रात्री मन गुंतवावें लागतें, ते मोठे खेळ आमच्या आटोक्याबाहेरचे. आमचा विषय ब्राउझरमध्यें किंवा मोबाइलवर एका बोटानें खेळावयाच्या किरकोळ खेळांचा आहे. त्यांचे नियम एका मिनिटांत समजतात, डाव पांच मिनिटांत आटोपतो, आणि गाडी आली, दूध उतूं जाऊं लागलें किंवा कोणीं हांक मारली तर तो सोडून उठतां येतें. निदान खेळ आणि खेळणारा यांच्यामधील मूळ करार असा होता. तो करार पुढें कसा मोडला, आणि मोडण्याचा दोष कोणाच्या माथीं, एवढाच प्रश्न आम्हांस येथें पाहावयाचा आहे.

आमच्या स्नेह्यांचा मुख्य आक्षेप वेळेच्या अपव्ययाचा आहे, व तो आम्हांस पुरता पटत नाहीं. प्रत्येक घटकेचा कांहीं तरी उपयोग दाखवितां आलाच पाहिजे असें मानलें, तर ओसरीवर बसून पाऊस पाहणारा माणूसही गुन्हेगार ठरेल. ॲरिस्टॉटलनें खेळाची गणना विश्रांतींत केली. पुढें गंभीर काम करतां यावें म्हणून माणसानें मन रमवावें, असें त्याचें म्हणणें. आमच्याकडील विचार याहून धीट आहे. वेदान्तसूत्रांनीं सृष्टीच्या उत्पत्तीसच लीला म्हटलें. ज्या ईश्वरास कांहीं मिळवावयाचें उरलेलें नाहीं, त्यानें जग कां निर्माण केलें, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं खेळ या कल्पनेंत शोधलें. तेव्हां एखादी गोष्ट प्रयोजनावांचून केली, एवढ्यानेंच ती हलकी ठरत नाहीं.

परंतु ज्या परंपरेनें लीला सांगितली तिनेंच द्यूतही सांगितलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हें एका जुगाऱ्याचें गाऱ्हाणें आहे. फांशांच्या पायीं त्याची बायको दुरावली, घरच्यांनीं त्याला परकें मानलें, आणि तरीही फांशांचा आवाज कानीं येतांच त्याचे पाय तिकडेच वळतात. सभापर्वांतील धर्मराजाची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. या दोहोंमधील सीमारेषा आपण सामान्यतः पैशानें आंखतों. पैसा लावला तर द्यूत, न लावला तर खेळ. भारताच्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला त्यानेंही रेषा येथेंच ओढली: पैसा लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई, बाकीच्यांस मोकळीक. ही रेषा योग्यच आहे. मात्र ती पुरेशी आहे काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. कारण एक रुपयाही न लावतां फांशांच्या आवाजाकडे पाय वळण्याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे.

या वर्गांतील जुने खेळ आठवले म्हणजे मन प्रसन्न होतें. १९८४ सालीं मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत काम करणाऱ्या अलेक्सेइ पाजित्नोव्ह यांनीं टेट्रिस रचला. वरून खालीं येणारे चार चार चौकोनांचे तुकडे फिरवून आडवी ओळ भरावयाची, एवढाच तो खेळ. त्यांत जिंकणें असें नाहींच. कधीं ना कधीं हरावयाचें हें ठरलेलें. तरीही हरल्याचा सल राहत नाहीं, कारण प्रत्येक चूक आपल्याच हातची व डोळ्यांदेखत झालेली असते. १९९० पासून विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर येऊं लागला. तो वेस चेरी नांवाच्या एका उमेदवारी करणाऱ्या तरुणानें लिहिला होता, व त्याबद्दल त्याला वेगळें मानधन मिळालें नाहीं. पाठोपाठ सुरुंग शोधण्याचा माइनस्वीपर आला. त्याचा एक दोष आम्हीं वर्षानुवर्षें सोसला आहे. सर्व डाव तर्कानें सोडवीत आणावा, आणि शेवटीं उरलेल्या दोन घरांपैकीं एक निव्वळ नशिबावर उघडावें लागावें, हें बुद्धीस अपमानकारक वाटतें. १९९७ सालीं नोकियाच्या मोबाइलमध्यें टानेली आर्मांटो यांनीं बसविलेला साप तर आमच्या पिढीस पाठ आहे. जितकें खावें तितकें आपलेंच शेपूट आडवें येतें, हें त्यानें कोणताही उपदेश न करतां शिकविलें. २०१४ च्या मार्चमध्यें गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणानें शनिवार-रविवारच्या सुटींत २०४८ हा आंकड्यांचा खेळ तयार करून सर्वांस फुकट खुला केला. मोठा आंकडा एका कोपऱ्यांत ढळूं न देतां सांभाळावा व लहान लहान हालचालींनीं बाकीचे त्याच्याकडे आणावे, ही त्यांतील युक्ति संसारांतही निरुपयोगी नाहीं.

हे खेळ चांगले कां वाटतात याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. ते सोपे आहेत म्हणून नव्हे; त्यांतील कांहीं चांगलेच कठीण आहेत. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें खेळास स्थळाची व काळाची हद्द असते. ती आंखली जाते म्हणूनच तिच्या आंत आपण मोकळे होतों. आपल्या अंगणांतल्या मुलांस हें तत्त्व ग्रंथावांचून ठाऊक असतें. खडूनें चौकट आंखल्याशिवाय त्यांचा डाव सुरू होत नाहीं, आणि मध्येंच नियम बदलूं पाहणाऱ्याचा तीं रडीचा डाव म्हणून धिक्कार करतात. हद्द, सर्वांस सारखा नियम आणि शेवट, या गोष्टी असल्या म्हणजे खेळ कितीही किरकोळ असला तरी प्रामाणिक असतो.

आतां या कसोटीवर पुढचे खेळ लावून पाहूं. २००९ च्या जूनमध्यें फेसबुकवर फार्मव्हिल हा शेतीचा खेळ आला. त्यांत स्ट्रॉबेरी लावली तर ती चार तासांत पिकत असे. आणि वेळेवर येऊन तोडली नाहीं तर सुकून जात असे. दिसावयास ही गोष्ट लहान आहे. परंतु खेळणारा उठून गेल्यावरही जो चालू राहतो व त्याच्या गैरहजेरीबद्दल त्याला दंड करतो, असा खेळ कोट्यवधि घरांत शिरला तो याच सुमारास. २०१२ सालीं कँडी क्रश आला. त्यांत पांच जीव मिळतात. ते संपले कीं एक जीव परत येण्यास अर्धा तास लागतो. ज्याला थांबावयाचें नसेल त्यानें मित्रांकडे मागावा किंवा पैसे द्यावे. चाली संपून डाव हातचा जाऊं लागला कीं आणखी पांच चालीही विकत मिळतात. म्हणजे अंगणांतलीं मुलें ज्याला रडीचा डाव म्हणून हांकून लावतील, तोच येथें दुकानांत मांडला आहे. हें दुकान किती चाललें याची कल्पना एका आंकड्यावरून येईल: हा खेळ काढणारी किंग ही कंपनी २०१६ सालीं ५९० कोटी डॉलरांस विकली गेली.

यांत विकली जाते ती वस्तु कोणती? गोळी नव्हे, चित्र नव्हे. आमचा अधीरपणा आधीं निर्माण केला जातो व मग त्यावरचा उतारा आम्हांस विकला जातो. बक्षीस केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे प्राणी अधिक चिकाटीनें कळ दाबीत राहतो, हें बी. एफ. स्किनर यांनीं कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें, त्यास आतां पाऊणशें वर्षें होत आलीं. कबुतरास त्याची लाज वाटण्याचें कारण नव्हतें, आम्हांस आहे. इयन बोगोस्ट या अमेरिकन अध्यापकांनीं २०१० सालीं अशा खेळांची थट्टा म्हणून काउ क्लिकर नांवाचा खेळ केला. एका गाईच्या चित्रावर दर सहा तासांनीं एकदां बोट लावावयाचें. दुसरें कांहीं नाहीं. लोकांनीं तो मनापासून खेळावयास आरंभ केला. पुढें २०११ सालीं कर्त्यानेंच सर्व गाई नाहींशा केल्या, तरी कांहीं लोक गाय उभी होती त्या रिकाम्या जागेवर बोट लावीत राहिले. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां आम्ही हंसलों होतों.

आतां आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. आमच्या वडिलांस घरांत सर्व नाना म्हणत. नानांस पत्त्यांचा नाद होता. दिवेलागण झाली कीं ओसरीवर सतरंजी अंथरून ते एकटेच पेशन्स मांडीत. जोड इतका जुना होता कीं किलवरची सत्ती हरवल्यावर त्यांनीं जोकरावर शाईनें सात लिहून तिची जागा भरली होती. लहानपणीं आमचें गणित अडलें कीं आम्ही वही घेऊन त्यांच्यापुढें जाऊन बसत असूं. ते हातांतलें पान खालीं ठेवीत आणि म्हणत, “सांग. पत्ते कुठें पळून जात नाहींत.” गणित सुटेपर्यंत मांडलेला डाव तसाच राही, मग ते चष्मा पुसून पुन्हां तेथूनच सुरू करीत. त्यांनीं त्या डावांत किती वेळ घालविला याचा हिशेब केला तर आमच्या स्नेह्यांस भोंवळ येईल. पण त्या वेळेंतला एक क्षणही आम्हांस कधीं कमी पडला नाहीं.

२०१८ च्या पावसाळ्यांत नाना इस्पितळांत होते. रात्रीची पाळी आमची होती. जागरण सोपें जावें म्हणून आम्ही मोबाइलवर खडे जुळविण्याचा एक खेळ खेळत होतों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याच्यासारखे शेंकडों आहेत. त्या रात्रीं खेळानें आम्हांस एक बक्षीस दिलें होतें: पाऊण तासपर्यंत जीव संपावयाचे नाहींत. पडद्याच्या कोपऱ्यांत तो पाऊण तास सेकंदासेकंदानें कमी होत होता. दोनच्या सुमारास नाना जागे झाले व म्हणाले, “अरे, जागा आहेस का?” आम्हीं उत्तर दिलें, “हो नाना. एक मिनिट हं.” त्या वेळीं घड्याळांत अकरा मिनिटें उरलीं होतीं, हें आम्हांस पक्कें आठवतें, कारण आम्ही नानांकडे न पाहतां त्या घड्याळाकडे पाहत होतों. तीं संपल्यावर आम्हीं मान वर केली, तों नाना भिंतीकडे तोंड करून झोंपले होते.

सकाळीं आम्हीं विचारलें, “नाना, रात्रीं कांहीं सांगत होतां ना?” ते थोडा वेळ आठवून म्हणाले, “होतों खरा. आतां नाहीं आठवत.” आणि मग, “तुझा डाव लागला कीं नाहीं?” या प्रश्नांत टोमणा मुळींच नव्हता, एका खेळणाऱ्यानें दुसऱ्यास विचारावा तसा तो होता. पुढें ते बरे होऊन घरीं आले, आणखी चार महिने आमच्यांत राहिले, पुष्कळ बोलणेंही झालें. त्या रात्रीं कदाचित् त्यांना पाणी हवें असेल, कदाचित् खिडकी लावावयास सांगावयाची असेल. कदाचित् दुसरें कांहीं असेल. आम्हांस तें कधींच कळलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं दोष खेळाचा नसून तुमचा आहे. मोबाइल उपडा ठेवावयास कोणीं हात धरला होता? हें म्हणणें आम्ही पूर्णपणें मान्य करतों. आमच्या वांट्याचा दोष दुसऱ्यावर ढकलण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. परंतु घर उघडें टाकून जाणारा मालक मूर्ख ठरला, म्हणून चोर साव ठरत नाहीं. तें उलटें चालणारें घड्याळ तेथें कोणीं तरी विचारपूर्वक बसविलें होतें. मध्यरात्रीं खेळणाऱ्या कोणास तरी कोणी तरी हांक मारील, आणि त्या वेळीं त्यानें “एक मिनिट” म्हणावें, हाच त्या योजनेचा उपयोग होता. दोन दोष वेगवेगळे आहेत, व एकानें दुसरा फिटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळ करणाऱ्यासही पोट आहे. फुकट खेळून वर त्यालाच नीति शिकविणें शोभत नाहीं. हें खरें आहे. २०४८ ज्या थ्रीज या खेळाशीं मिळताजुळता आहे, त्याच्या कर्त्यांनीं त्यावर वर्षाहून अधिक काळ मेहनत घेतली होती व त्याला ते थोडीशी किंमत मागत होते. लोक मात्र फुकटच्या नकलांकडे धांवले, आणि त्यांत आम्हीही होतों. किंमत उघडपणें देण्यास आपण तयार नसतों, म्हणून ती आडवाटेनें वसूल होते. चहाच्या एका कपाइतके पैसे खेळाला देतांना आम्हांस जड वाटतें. त्याच्या बदली आमचें लक्ष व आमची रात्र दिली जाते तेव्हां तें जाणवतही नाहीं. या व्यापारास गिऱ्हाइकाचीही संमति आहे.

तथापि दुसरा मार्ग नाहींच असें नव्हे. हानोइ येथील डोंग न्युएन यांचा फ्लॅपी बर्ड हा खेळ जगभर गाजत होता व जाहिरातींपासून त्यांना रोज ५० हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या होत्या. अशा वेळीं, २०१४ च्या फेब्रुवारींत, त्यांनीं तो स्वतः मागें घेतला. लोकांस त्याचें व्यसन लागत आहे, हें कारण त्यांनीं पुढें सांगितलें. जॉश वॉर्डल यांनीं मुळांत आपल्या सहचारिणीसाठीं रचलेला वर्डल हा शब्दखेळ २०२१ च्या ऑक्टोबरांत सर्वांस खुला झाला. त्यांत दिवसास एकच शब्द. तो सुटो वा न सुटो, उद्यांपर्यंत दुसरा नाहीं. पुढें २०२२ च्या आरंभीं तो न्यूयॉर्क टाइम्सनें मोठी रक्कम देऊन घेतला. म्हणजे ज्या खेळानें लोकांस रोज घरीं परत पाठविलें, त्याचेंही कांहीं नुकसान झालें नाहीं. आणि २०२० च्या टाळेबंदींत नवी मुंबईंतल्या एका कंपनीचा लूडो किंग कित्येक घरांत पुण्याची आजी व परदेशांतील नातू यांना एका पटावर बसवीत होता, हें आम्हीं आमच्याच नात्यांत पाहिलें आहे. त्यांतही जाहिराती आहेत, विक्री आहे. पण समोर माणूस असला कीं त्याला जेवावयास बोलावतात, आणि डाव मोडतो.

तेव्हां आमच्या स्नेह्यांस आमचें उत्तर असें. किती वेळ खेळलास, हा प्रश्न आम्हांस विचारूं नका. त्याचें उत्तर नानांनाही देतां आलें नसतें. हांक मारल्यावर पान खालीं ठेवतां आलें काय, हें विचारा. जो खेळ आमच्यासाठीं थांबतो तो कितीही क्षुद्र असो, त्यांत लीलेचा अंश आहे. जो आम्हांस आमच्या माणसांपुढें “एक मिनिट” म्हणावयास लावतो, त्यांत एक पैही लावलेली नसली तरी पणास कांहीं तरी लागलेलें असतें, आणि तें आमचें एकट्याचें नसतें. धर्मराजानेंही आपलें सर्वस्व घालविल्यावर जें लावलें तें त्याचें एकट्याचें नव्हतें.

आम्हीं खेळणें सोडलेलें नाहीं. तसें सांगितलें तर तें खोटें ठरेल, व सोडण्याची आवश्यकताही आम्हांस वाटत नाहीं. मात्र ज्या खेळाच्या कोपऱ्यांत घड्याळ आहे तो आतां आम्ही मोबाइलवर ठेवीत नाहीं. नानांचा जोड आमच्याकडे आहे. कधीं कधीं संध्याकाळीं आम्ही तो मांडतों. शाईनें सात लिहिलेला जोकर अजून त्यांत आहे. आमची मुलगी मध्येंच येऊन कांहीं विचारते. पान खालीं ठेवण्यास अजूनही क्षणभर जड जातें, हें कबूल केलें पाहिजे. पण तें खालीं ठेवतां येतें, आणि परत येऊन पाहावें तों डाव जेथल्या तेथें असतो.